इंजिन बंद पडण्याआधी

वाढवण बंदराइतकी चर्चा पालघर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत दुसऱ्या कुठल्या विषयाची झाली नसेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि वाद आणखी पेटला. मासेमारीचा गोल्डन बेल्ट, समुद्रात पडणारा भराव, वरोरपासून तव्यापर्यंत जाणारा रस्ता, दागिन्यांच्या डायमेकिंगचा धंदा, स्थानिकांच्या नोकऱ्या, या सगळ्यांवर दोन्ही बाजूंनी आपापले आकडे मांडले. पण ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या जहाजांच्या पोटातल्या यंत्राबद्दल सभांमधून फारसे कोणी बोलत नाही. जहाजाचे इंजिन ही जहाजमालकाची बाब, आपला तिच्याशी काय संबंध, असे बंदराच्या समर्थकांना वाटते आणि विरोधकांनाही. ही समजूत चुकीची आहे. चिंचणी-तारापूरच्या समोर एखादे महाकाय जहाज इंजिन बंद पडून वाहू लागले, तर पुढचे काही तास तो प्रश्न जहाजमालकाचा राहत नाही, किनाऱ्यावरच्या माणसाचा होतो. म्हणून इंजिनांच्या देखभालीवर नजर ठेवणारी आणि बंद पडलेले जहाज धरून ठेवणारी व्यवस्था वाढवणला पहिले जहाज लागण्याआधी उभी राहिली पाहिजे.

आधी हे यंत्र समजून घेऊ. २००६ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचे चौदा सिलिंडरचे डिझेल इंजिन साडेतेरा मीटर उंच, म्हणजे चार मजली इमारतीएवढे आहे. लांबी सुमारे २७ मीटर, वजन २,३०० टन, ताकद ८० हजार किलोवॅट, म्हणजे एक लाखाहून अधिक अश्वशक्ती. एका सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर आणि पिस्टनची धाव अडीच मीटर. एवढे धूड मिनिटाला जेमतेम शंभर फेरे घेते, पण इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा कामाला लावते, आणि फार थोड्या उष्णता-इंजिनांना हे जमते. या कार्यक्षमतेची किंमत मात्र वेगळ्या रूपात मोजावी लागते. अशा इंजिनाला गिअरबॉक्स नसतो, क्लच नसतो. इंजिनाचा दांडा थेट पंख्याला जोडलेला असतो. जहाज मागे घ्यायचे तर इंजिन थांबवून, दाबाखालच्या हवेच्या जोरावर ते उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावे लागते. ब्रेक नावाची गोष्ट नाही. बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांना मुख्य इंजिन एकच, पंखा एकच आणि सुकाणूही एकच असते. प्रवासी विमानाचे एक इंजिन गेले तर दुसऱ्यावर ते उतरवता येते. दोन लाख टनांच्या जहाजाला तशी मुभा नाही.

अशी इंजिने सहसा एकाएकी मरत नाहीत. त्यांचा बिघाड आठवडे, महिने आधीपासून आत वाढत असतो आणि मोजणाऱ्याला तो दिसतो. सिलिंडरच्या लायनरची झीज हजार तासांमागे मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजतात. ती वाढू लागली की कारण शोधावे लागते. ते कारण इंधनात असू शकते. तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या उत्प्रेरकाचे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म, टणक कण जड इंधनात उरतात. एक किलो इंधनात असे कण ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, पण इंजिनात शिरण्याआधी प्युरिफायरने ते त्याच्या कितीतरी खाली आणावे लागतात. प्युरिफायरकडे दुर्लक्ष झाले की हे कण पिस्टन रिंग आणि लायनर कानशीसारखे खातात. कारण चालवण्याच्या पद्धतीतही असते. इंधन वाचवण्यासाठी जहाज मंद वेगाने चालवले की लायनर थंड राहतो, इंधनातल्या गंधकाचे आम्ल त्यावर साचते आणि धातू कुरतडला जातो. रिंग झिजल्या की जळते वायू खाली निसटतात, पिस्टनखालच्या हवेच्या पेटीत साठलेल्या तेलकट काजळीला आग लागते. बेअरिंग तापले की तेलाची वाफ होते आणि क्रँककेसमध्ये स्फोटक धुके तयार होते. ११ सप्टेंबर १९४७ रोजी बेलफास्टजवळ ‘रेना डेल पॅसिफिको’ या जहाजावर असाच स्फोट होऊन २८ माणसे दगावली, आणि तेलाचे धुके ओळखणारी उपकरणे वापरात आली ती त्यानंतर. म्हणजे कोणता दोष कशाने होतो आणि तो कसा ओळखायचा, हे ज्ञान पुरेसे आहे. कमी पडतो तो वेळ, माणसे आणि वेळेवर इंजिन उघडण्याची तयारी.

गेल्या काही दशकांतले मोठे अपघात पाहिले तर त्यांच्या मुळाशी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी सापडतात. ५ जानेवारी १९९३ रोजी ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज शेटलँडच्या खडकांवर आदळले आणि ८४,७०० टन कच्चे तेल समुद्रात गेले. डेकवर नीट न बांधलेले लोखंडी पाइप वादळात सुटले, त्यांनी टाक्यांचे हवेचे नळ फोडले, इंधनात समुद्राचे पाणी शिरले आणि इंजिन बंद पडले. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर ‘वायकिंग स्काय’ या प्रवासी जहाजाची सारी वीज गेली. १,३००हून अधिक माणसे घेऊन ते खडकांपासून जेमतेम जहाजाच्या लांबीएवढ्या अंतरावर आले. जनरेटर इंजिनांच्या टाक्यांत वंगण तेल कमी होते आणि जहाज हेलकावू लागताच पंप तेलाऐवजी हवा ओढू लागले, असे चौकशीत निघाले. २६ मार्च २०२४च्या पहाटे बाल्टिमोरला ‘डाली’ या कंटेनर जहाजाने पूल पाडला आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मेले. त्या जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार, विजेच्या एका तारेवरची नावाची पट्टी चुकीच्या जागी बसवली होती, त्यामुळे ती तार जोडणीत पूर्ण शिरलीच नव्हती. तार सुटली, वीज गेली, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप थांबला आणि मुख्य इंजिन आपोआप बंद झाले. जहाजाला बाहेर काढणारे टग थोड्याच वेळापूर्वी सोडून परतले होते. पहिल्या अंधारापासून पूल कोसळेपर्यंत सुमारे चार मिनिटे गेली. तीन जहाजे, तीन निरनिराळी कारणे, पण त्यातले एकही असे नव्हते की हातात टॉर्च घेऊन नीट पाहणाऱ्याला ते आधी दिसले नसते.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून द्यावे तर आपला किनाराही कोरा नाही. २०११च्या जूनअखेर ओमानजवळ इंजिनरूममध्ये पाणी शिरून ‘पवित’ हे छोटे तेलवाहू जहाज बंद पडले, कर्मचाऱ्यांना ब्रिटिश युद्धनौकेने उतरवून घेतले आणि जहाज बुडाले असेल असे सर्वांनी गृहीत धरले. ते महिनाभर अरबी समुद्रात वाहत राहिले आणि ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. तोवर त्याला कोणी अडवले नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, दहेजकडे कोळसा नेणारे ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले आणि त्याच्या तेलाचा तवंग जुहूपासून अलिबागपर्यंत पोहोचला. दहेजला जाणारे जहाज आपल्याच किनाऱ्यासमोरून जाते, हे विसरता कामा नये. मे २०२१च्या तौक्ते वादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज नांगर गमावून वाहत उत्तरेला आला आणि १३७ माणसांसह पालघरच्या किनाऱ्याजवळ अडकला. नौदल आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी ती माणसे वाचवली. त्या बार्जच्या जागी इंधनाच्या टाक्या भरलेले चारशे मीटर लांबीचे जहाज असते तर माणसे कदाचित तशीच वाचली असती, किनारा वाचला नसता.

आता नकाशा समोर ठेवून साधा हिशेब करू. वाढवणच्या टोकापासून चिंचणी दहा किलोमीटरच्या आत आहे. चिंचणीच्या दक्षिणेला खाडीपलीकडे तारापूर, त्याखाली अणुऊर्जा केंद्र आणि आणखी खाली सातपाटी. पावसाळी वाऱ्यात आणि भरतीच्या ओढीत बंद जहाज तासाला दोन सागरी मैल वाहील असे धरू. मुंबई बंदरापासून वाढवण साठ सागरी मैलांहून थोडे अधिक दूर. ताशी बारा मैल वेगाचा टग चांगल्या हवेत तिथून निघाला तरी पाच तास लागतात. तेवढ्या वेळात जहाज दहा सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर सरकते. बंदर किनाऱ्यापासून पाच-सहा किलोमीटरवर असणार आहे. नांगराने धरले तर ठीक, नाही धरले तर मुंबईहून निघालेला टग किनाऱ्याला लागलेले जहाज पाहायला पोहोचेल. या पट्ट्यात काय आहे? राज्यमासा म्हणून मान मिळालेल्या पापलेटाचे क्षेत्र, बोंबलाच्या डोली, डहाणूचे तिवर आणि तारापूरच्या अणुभट्ट्यांना थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणारी तोंडे. एवढ्या दाटीवाटीत इतके मोठे बंदर करायचे तर चुकीला वाव ठेवून चालणार नाही.

तारापूरचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. १९६९ पासून चालणाऱ्या या केंद्राला बाहेरून येणारी वीज गेली तर काय, याचे उत्तर डिझेल जनरेटरच आहे. त्यांची क्षमता, संख्या, ठरावीक मुदतीने चालवून पाहण्याची पद्धत हे सगळे नियामकाच्या देखरेखीखाली असते. जपानमध्ये फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने असे जनरेटर बुडवले आणि पुढे काय झाले ते जगाने पाहिले. ‘आमचे इंजिन विश्वासार्ह आहे, पर्यायी सोय कशाला?’ हा युक्तिवाद अणुकेंद्राच्या कुंपणाच्या आत कोणी ऐकून घेणार नाही. मग त्याच कुंपणाच्या समोरच्या समुद्रात, तितक्याच काळजीने चालवायच्या डिझेल इंजिनांच्या बाबतीत तो का ऐकून घ्यावा?

म्हणून मागण्या तीन. पहिली, बंदराच्या हद्दीत शिरण्याआधी बारा तासांच्या आत प्रत्येक जहाजाने मुख्य इंजिन पुढे-मागे चालवून, सुकाणू आणि आपत्कालीन जनरेटर तपासून तशी नोंद बंदराला कळवली पाहिजे, आणि बंदराने त्यातल्या काही जहाजांवर स्वतः जाऊन खात्री केली पाहिजे. अमेरिकेत अशी चाचणी कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा ही कल्पना नवी नाही. दुसरी, उघड्या समुद्रात पावसाळ्यातही काम करू शकेल असा ताकदवान आपत्कालीन टग बारमाही वाढवणलाच उभा असावा आणि मोठ्या जहाजांना धोक्याच्या पट्ट्यातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत टगची सोबत असावी. तिसरी मागणी कमी बोलली जाणारी, पण तितकीच महत्त्वाची आहे. मुख्य इंजिनाचा पिस्टन बाहेर काढायचा तर जहाज काही तास हलू शकत नाही, आणि त्यासाठी बंदराची परवानगी लागते. धक्क्यावरचा प्रत्येक तास पैशात मोजणारी बंदरे ती सहजी देत नाहीत. मग चीफ इंजिनीअर ‘पुढच्या बंदरात बघू’ म्हणतो आणि पुढचे बंदरही तेच म्हणते. वाढवणने अशा दुरुस्तीसाठी सुरक्षित नांगरवाडा राखून ठेवावा, आणि जो दोष आपणहून सांगेल त्याला दंडाऐवजी दुरुस्तीची संधी द्यावी. दोष लपवणे महाग आणि सांगणे स्वस्त झाले की जहाजे सांगू लागतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो जाणकारांकडून. जहाजांना क्लास देणाऱ्या संस्था आहेत, ध्वज देणारी राष्ट्रे आहेत, नौवहन महासंचालनालयाचे सर्वेक्षक परदेशी जहाजांवर चढतात, हिंदी महासागरातल्या देशांचा तपासणीविषयक करार आहे आणि त्याचे सचिवालय गोव्यातच आहे. मग आणखी एक तपासणी कशाला? या व्यवस्थेचे मोल नाकारायचे कारण नाही. तिच्यामुळेच मुख्य इंजिन बंद पडणे ही आज विरळा घटना झाली आहे. पण ती ठरावीक काळाने होते आणि बरीचशी कागदावर होते. ‘डाली’ची तपासणी अमेरिकन तटरक्षक दलाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली होती आणि दोष नोंदवला नव्हता. सहा महिन्यांनी पूल पडला. शिवाय विरळा हा शब्द फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. वाढवणची नियोजित क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरची आहे. एका फेरीत सरासरी पाच हजार कंटेनरची चढउतार धरली तरी वर्षाला साडेचार हजारांवर फेऱ्या होतात, म्हणजे रोज बारा-तेरा जहाजे, आणि प्रत्येक जहाज या पाण्यातून दोनदा जाणार, येताना आणि जाताना. हजारात एखादीच फेरी बिघडते असे मानले तरी वर्षातून चार-पाच वेळा तो प्रसंग येतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वर्षभर उभा राहून पगार खाणारा टग कशासाठी, बंदराचे स्वतःचे टग असतीलच की! बंदराचे टग असतात ते लाटरोधक बांधाच्या आडोशाला जहाज धक्क्याला लावण्यासाठी. जुलैच्या खवळलेल्या समुद्रात दोन लाख टनांचे जहाज ओढून धरणे हे त्यांचे काम नव्हे. उभ्या टगचा खर्च मोठा असतो हे खरे. तरीही ‘ब्रेअर’नंतर नेमलेल्या लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशीनंतर ब्रिटनने असे टग तैनात केले, फ्रान्सने ‘अमोको काडिझ’ या तेलवाहू जहाजाच्या १९७८च्या अपघातानंतर केले. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’च्या वेळी ‘वॉटर लिली’ हा आपत्कालीन टग मदतीला धावला होता. प्रश्न आहे तो असा टग कुठे उभा असतो आणि वर्षातले किती महिने, याचा. प्रकल्पाच्या आराखड्यात तटरक्षक दलासाठी स्वतंत्र धक्का आहेच. त्याच्या शेजारी टगला जागा मिळणे अवघड नाही. येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून बंदर शुल्कात थोडी भर घालून हा खर्च भागवता येईल. जो धोका आणतो त्याने त्याचा भार उचलावा, यात अन्याय काही नाही. तवंग साफ करण्याचा, बुडालेले जहाज उचलण्याचा आणि कोळ्यांच्या बुडालेल्या हंगामाचा खर्च नंतर कोणाकडून वसूल करायचा, हा वाद वर्षानुवर्षे चालतो. त्या मानाने हा सौदा स्वस्त आहे.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो दोन्हीकडून येईल. समर्थक म्हणतील की बंदर रखडवण्याची ही नवी सबब आहे. विरोधक म्हणतील की टग मागणे म्हणजे बंदर मान्य करणे. समर्थकांना सांगायचे ते एवढेच, की पहिल्याच वर्षी एखादे जहाज चिंचणीच्या किनाऱ्याला लागले तर बंदराची बाजू घेणारा माणूस या भागात शोधावा लागेल. सुरक्षेची सर्वाधिक गरज त्यांनाच आहे. विरोधकांचा विरोध न्यायालयात, ग्रामसभेत, रस्त्यावर चालू राहू शकतो. हाझिरा-दहेजची जहाजे मात्र आजही इथूनच जातात आणि बंदर झाले नाही तरी जात राहतील. आपत्कालीन टगची गरज वाढवणने वाढेल, पण ती आजही आहे. उद्या मिथेनॉल, अमोनिया, द्रवरूप वायूवर चालणारी जहाजे येतील आणि हा प्रश्न सुटेल, असेही कोणी सांगेल. ती इंजिनेही मुळात अशीच मोठी दोन-स्ट्रोक इंजिने आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना प्रज्वलनासाठी थोडे डिझेल लागतेच. पिस्टन, रिंग, बेअरिंग तीच, त्यात दोन इंधनांची गुंतागुंत वाढलेली. देखभालीचे काम त्याने वाढणार आहे.

या वाढत्या कामात स्थानिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्नही दडलेला आहे. बंदरात नोकरी म्हटले की आपल्याकडे सुरक्षारक्षक, हमाल आणि ट्रकचालक डोळ्यांसमोर येतात. यंत्रांवर चालणाऱ्या आधुनिक बंदरात तीही कामे मर्यादितच राहणार. दुरुस्तीचे काम मात्र माणसाच्या हाताचे आणि डोळ्याचे आहे. चिंचणीच्या परिसरात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कठीण पोलादावर केसाएवढ्या फरकाने काम करतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि वेल्डिंग जाणणारी हजारो माणसे आहेत. सातपाटीत यांत्रिक नौकांचे शिक्षण देणारे केंद्र १९५०च्या दशकातच सुरू झाले, आणि इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे तांडेल आजही इथल्या प्रत्येक बंदरात आहेत. यांना इंधन पंप, व्हॉल्व्ह, टर्बोचार्जर आणि प्युरिफायरच्या कामाचे शिक्षण द्यायचे तर आयटीआयला इंजिन हवे, शिकवायला समुद्रावर काम केलेला इंजिनीअर हवा आणि बंदराकडून कामाची हमी हवी. पहिले जहाज लागण्याआधी, वेळ हाताशी असताना हे सुरू झाले तर दुरुस्तीच्या नांगरवाड्यावर बाहेरून माणसे आणावी लागणार नाहीत. आणि ज्याच्या घरासमोर जहाज वाहत येणार आहे, त्याच्याइतक्या काळजीने पिस्टन रिंग मोजणारा दुसरा कोण मिळणार?

वाढवण बंदर कंपनीत चौऱ्याहत्तर टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि सव्वीस टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा, म्हणजे ही कंपनी पूर्णपणे सरकारी आहे. तिला या तीन अटी स्वतःवर घालून घ्यायला कोणा परदेशी जहाजमालकाची संमती लागत नाही. चाचणीचा नियम, बारमाही टग आणि दुरुस्तीची जागा या तीन गोष्टी बंदराच्या नियमावलीत लेखी आल्याशिवाय पहिल्या जहाजाला धक्का देऊ नये, असा ठराव चिंचणी, वरोर, वाढवण, तारापूर, घिवली आणि सातपाटीच्या ग्रामसभांनी करावा. बंदराच्या बाजूचे असोत की विरोधातले, या ठरावावर सही करायला कोणालाच अडचण नसावी.